एका छपराखाली

(सिंगापूर या बेटावर अनेक देशांतून माणसे आली. येताना त्यांनी आपापल्या घरची चव बरोबर आणली. रस्त्यावर खाद्यपदार्थ विकणारे फेरीवाले एका छपराखाली कसे आले आणि निरनिराळ्या धर्मांची माणसे एकाच टेबलावर कशी जेवू लागली, याची माहिती या पाठात दिली आहे.)

भारताच्या आग्नेय दिशेला, मलाय द्वीपकल्पाच्या अगदी टोकाशी सिंगापूर हे लहानसे बेट आहे. क्षेत्रफळाने हा देश बृहन्मुंबईपेक्षा थोडाच मोठा आहे. तेथे खाणी नाहीत, की शेतीला पुरेशी जमीन नाही. तेथील लोक रोज जो भात खातात, त्याचा तांदूळसुद्धा बाहेरून येतो. तरीही जगभरातील खवय्ये या बेटाचे नाव मोठ्या आदराने घेतात. याचे कारण तेथील मोठमोठी हॉटेले नव्हेत. तेथील वस्त्यावस्त्यांतून असलेली साधी खाद्यकेंद्रे हे त्याचे कारण आहे. या केंद्रांना 'हॉकर सेंटर' म्हणतात. हॉकर म्हणजे फेरीवाला.

हे केंद्र कसे असते? एक मोठे छप्पर असते. त्याला बहुधा भिंती नसतात, त्यामुळे वारा खेळता राहतो. कडेने किंवा मध्यभागी छोट्या छोट्या गाळ्यांच्या रांगा असतात. प्रत्येक गाळ्यात एक शेगडी, एक मोरी आणि उभे राहण्यापुरती जागा असते. गाळ्यासमोर सर्वांसाठी टेबले आणि बसायला आसने मांडलेली असतात. ही टेबले कोणा एका गाळ्याच्या मालकीची नसतात. हव्या त्या गाळ्यावरून हवा तो पदार्थ घ्यावा आणि जागा मिळेल तेथे बसून खावा, अशी तेथील पद्धत आहे. अशी शंभराहून अधिक केंद्रे सिंगापुरात आहेत आणि त्यांत खाद्यपदार्थांचे सुमारे ६ हजार गाळे आहेत.

मुलांनो, ही केंद्रे एका दिवसात उभी राहिली नाहीत. त्यांच्यामागे मोठा इतिहास आहे.

१८१९ मध्ये इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने सिंगापुरात आपले व्यापारी ठाणे वसवले. बंदर वाढू लागले, तशी कामाच्या शोधात दूरदूरची माणसे तेथे येऊ लागली. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरून हमाल आणि कारागीर आले. जावा आणि सुमात्रा या बेटांवरून मलाय बोलणारे दर्यावर्दी आणि व्यापारी आले. तामिळनाडू, केरळ आणि पंजाबमधून मजूर, दुकानदार व पहारेकरी आले. यांतील बहुतेक पुरुष एकटेच आलेले होते. एकेका खोलीत अनेकजण दाटीवाटीने राहत. तेथे चूल मांडायला जागा नसे आणि दिवसभर राबून आल्यावर रांधायला अंगात बळही नसे.

अशा लोकांची भूक फेरीवाल्यांनी भागवली. खांद्यावर कावड, कावडीच्या एका टोकाला पेटती शेगडी आणि दुसऱ्या टोकाला वाडगे व पदार्थांची टोपली, असा हा फेरीवाला गल्लोगल्ली हिंडे. कोणी आरोळी देई. नूडल्स विकणारा बांबूच्या दोन काठ्या एकमेकींवर आपटून टॉक-टॉक असा आवाज काढी. तो आवाज कानी पडला, की गिऱ्हाईक ओळखे, आपला नूडल्सवाला आला. परक्या मुलखात आपल्या गावची चव चार पैशांत मिळे, यातच त्या मजुरांना सुख वाटे.

परंतु पुढे शहर वाढले आणि हजारो फेरीवाले रस्त्यांवर बसू लागले. त्यांच्याजवळ नळ नव्हता. एकाच बादलीतल्या पाण्यात दिवसभर वाडगे विसळले जात. खरकटे आणि सांडपाणी गटारात जाई. उंदीर आणि माश्या वाढल्या. पटकी आणि विषमज्वर यांसारख्या रोगांची भीती निर्माण झाली. रस्ते अडू लागले. पोलीस आले, की फेरीवाल्यांची पळापळ होई. कोणाची हातगाडी जप्त होई, कोणाचा माल सांडे.

आता करायचे काय? फेरीवाल्यांना हाकलून द्यावे, तर हजारो कुटुंबांच्या पोटावर पाय येणार आणि कामगारांचे स्वस्त जेवणही जाणार. त्यांना तसेच राहू द्यावे, तर रोगराई पसरणार. ९ ऑगस्ट १९६५ रोजी सिंगापूर हे स्वतंत्र राष्ट्र झाले. त्यानंतर तेथील सरकारने तिसरा मार्ग निवडला. १९६८-६९ मध्ये फेरीवाल्यांची नोंदणी करण्यात आली आणि सुमारे १८ हजार फेरीवाल्यांना परवाने देण्यात आले. १९७१ पासून त्यांच्यासाठी नळ, वीज, गटारे आणि स्वच्छतागृहे असलेली केंद्रे बांधण्यास सुरुवात झाली. १९८६ पर्यंत रस्त्यावरचे सर्व फेरीवाले या केंद्रांत आले. हा बदल सर्वांनाच लगेच आवडला असे नाही. जुनी गल्ली सुटली, की जुने गिऱ्हाईकही सुटते. पण डोक्यावर छप्पर आले, नळाला पाणी आले आणि पळापळ कायमची थांबली.

चला, अशा एका केंद्रात आपण फेरफटका मारू. सिंगापूरच्या 'लिटल इंडिया' या भागात सेरंगून रस्त्याच्या तोंडाशी टेक्का सेंटर आहे. या भागाच्या नावात भारत आहे, पण 'टेक्का' हे नाव मात्र चिनी बोलीतले आहे. लहान बांबूंच्या पायथ्याची जागा, असा त्याचा अर्थ आहे. एकाच इमारतीत एका बाजूला मासळी, मटण आणि भाजी यांचा बाजार आहे, तर दुसऱ्या बाजूला खाद्यपदार्थांचे गाळे आहेत.

आत शिरताच नाकाला निरनिराळे वास येतात. एका गाळ्यावर मोठ्या पातेल्यात बिर्याणी दमाला लावलेली असते. शेजारी तव्यावर डोसा चुरचुरत असतो. त्यापलीकडे एक कारागीर मैद्याच्या कणकेचा गोळा हवेत झुलवून रुमालासारखा पातळ करतो, त्याच्या घड्या घालतो आणि तव्यावर टाकतो. याला तेथे 'रोटी प्राता' म्हणतात. आपल्या पराठ्याचाच हा भाऊ आहे. समोरच्या रांगेत चिनी गाळे आहेत. तेथे भाजलेले बदक आकड्याला टांगलेले दिसते. मलाय गाळ्यावर 'नासी लेमाक' मिळतो. नारळाच्या दुधात शिजवलेला हा भात तळलेली बारीक मासळी, शेंगदाणे, काकडी आणि झणझणीत चटणी यांच्यासह वाढतात. कोकणातल्या मुलांना नारळाच्या दुधाची ही चव नक्कीच ओळखीची वाटेल.

इतर केंद्रांत आणखी कितीतरी प्रकार मिळतात. हैनान या चिनी बेटावरून आलेल्या लोकांनी प्रसिद्ध केलेला कोंबडीभात जवळजवळ सर्वत्र असतो. कोंबडी पाण्यात मंद आचेवर शिजवतात आणि तिच्याच रश्शात आले-लसूण घालून भात करतात. हाच पदार्थ मुसलमान गाळेवाले हलाल कोंबडीचा करतात. 'साते' हा प्रकार आपल्या सीख कबाबाची आठवण करून देतो. मांसाचे छोटे तुकडे काडीला टोचून निखाऱ्यांवर भाजतात आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खातात.

शेजारी शेजारी राहिल्यावर माणसे एकमेकांकडून काही ना काही शिकतातच. स्वयंपाकाचेही तसेच आहे. 'मी गोरेंग' हा पदार्थ पाहा. 'मी' म्हणजे नूडल्स. हा शब्द आणि हा जिन्नस चिनी लोकांचा आहे. 'गोरेंग' म्हणजे तळलेले किंवा परतलेले. हा शब्द मलाय आहे. आणि सिंगापुरात तो मसाला घालून लालभडक परतण्याची रीत भारतीय मुसलमान आचाऱ्यांनी रूढ केली. चीनमध्ये हा पदार्थ या रूपात सापडणार नाही आणि भारतातही सापडणार नाही. तो सिंगापूरच्या मातीतच जन्माला आला. माशाच्या डोक्याच्या कालवणाची गोष्टही अशीच आहे. १९४९ मध्ये केरळमधून आलेल्या गोमेझ नावाच्या एका हॉटेलवाल्याने ते प्रथम केले असे सांगतात. चिनी लोकांना माशाचे डोके फार आवडते. गोमेझने ते आपल्या केरळी मसाल्यात शिजवले आणि दोन देशांच्या आवडी एका भांड्यात आणल्या.

पदार्थांबरोबर शब्दही प्रवास करतात. मलाय भाषेत रोटीला 'रोटी'च म्हणतात. लोणच्याला 'अचार' म्हणतात. हा शब्द उर्दू बोलणाऱ्यांना वेगळा सांगायला नको. साखरेला 'गुला' म्हणतात. आपला 'गूळ' आणि मलाय 'गुला' हे दोन्ही शब्द संस्कृतमधील 'गुड' या शब्दापासून आले आहेत. चहाच्या टपरीला तेथे 'सराबात'चे दुकान म्हणत. अरबीतील 'शरबत', मराठीतील 'सरबत' आणि हा 'सराबात' एकाच घराण्यातले आहेत. 'मुर्ताबक' या खिमा भरलेल्या घडीच्या रोटीचे नावही अरबी 'मुतब्बक' म्हणजे घडी घातलेले, या शब्दावरून पडले आहे. मात्र एका शब्दाच्या बाबतीत सावध राहायला हवे! तेथे कोणी "माकान?" असे विचारले, तर ते आपल्या घराची चौकशी करीत आहेत असे समजू नये. मलाय भाषेत 'माकान' म्हणजे खाणे. भेटल्यावर "जेवलात का?" असे विचारणे ही तेथील आपुलकीची रीत आहे.

आता एका महत्त्वाच्या प्रश्नाकडे वळू. एका छपराखाली इतक्या धर्मांची माणसे जेवायला बसली, म्हणजे अडचण येणारच. मुसलमान डुकराचे मांस खात नाहीत आणि इतर मांसही हलाल असावे लागते. चिनी स्वयंपाकात तर डुकराचे मांस सर्रास असते. हिंदू आणि कित्येक बौद्ध गोमांस खात नाहीत. काही जण पूर्ण शाकाहारी असतात. मग एकत्र जेवणार कसे?

यावर एक उपाय असा, की प्रत्येकाने आपला धर्मनियम सोडून द्यावा. दुसरा उपाय असा, की प्रत्येक समाजाने आपले केंद्र वेगळे बांधावे. सिंगापुरात हे दोन्ही उपाय टाळले गेले. सिंगापूरची इस्लामी धार्मिक परिषद, जिला 'मुईस' म्हणतात, १९७८ पासून खाद्यपदार्थांना हलालचे प्रमाणपत्र देते. प्रमाणपत्र मिळालेला गाळेवाला ते दर्शनी भागी लावतो. हलाल गाळ्याची भांडी इतर गाळ्यांच्या भांड्यांत मिसळत नाहीत. जेवण झाल्यावर ट्रे ठेवण्यासाठीसुद्धा दोन वेगळ्या मांडण्या असतात. एक हलाल जेवणाच्या ट्रेसाठी आणि दुसरी इतर जेवणाच्या ट्रेसाठी. ज्याने त्याने आपला ट्रे योग्य मांडणीत ठेवायचा. चिनी मुलगासुद्धा हे लहानपणीच शिकतो. त्याला हलाल पाळायचे नसते, पण शेजाऱ्याचे हलाल राखायचे असते.

मुलांनो, या छोट्या गोष्टीत फार मोठा अर्थ आहे. ताटे वेगळी आहेत, पण टेबल एक आहे. एकाच टेबलावर चिनी आजोबा नूडल्स खात असतात, समोर डोक्याला रुमाल बांधलेली मलाय मुलगी नासी लेमाक खात असते आणि कडेला तमिळ कामगार डोसा खात असतो. कोणी कोणाच्या ताटाकडे पाहून नाक मुरडत नाही. कोणी कोणाला आपल्या ताटातले खाण्याचा आग्रहही करीत नाही. आपले जपावे आणि दुसऱ्याचेही जपू द्यावे, हा शेजारधर्म तेथे रोज तीन वेळा पाळला जातो.

हे चित्र तेथे पूर्वीपासूनच होते असे समजू नका. १९६४ मध्ये जुलै आणि सप्टेंबर अशा दोन महिन्यांत सिंगापुरात मलाय आणि चिनी समाजांमध्ये दंगली झाल्या होत्या. माणसे मेली, घरे जळाली, संचारबंदी लागली. त्या आठवणी लोक विसरले नाहीत. म्हणूनच पुढे शाळा, घरे आणि बाजार यांची मांडणी विचारपूर्वक केली गेली. १९८९ पासून सरकारी इमारतींत निरनिराळ्या समाजांची कुटुंबे एकत्र राहतील असा नियम झाला. अशा इमारतींच्या पायथ्याशी किंवा जवळपास हॉकर सेंटर असते. नुसते एका टेबलावर बसल्याने मने जुळतात असे नाही. त्यासाठी न्याय लागतो, नियम लागतात. पण रोज एकमेकांचे चेहरे पाहणारी माणसे एकमेकांविषयीच्या खोट्या गोष्टींवर सहजासहजी विश्वास ठेवत नाहीत, हेही खरे आहे.

या केंद्रांत शिस्तही मोठी आहे. १९९७ पासून अनेक वर्षे प्रत्येक गाळ्याची स्वच्छता तपासून त्याला ए, बी, सी किंवा डी अशी श्रेणी दिली जात असे आणि ती पाटी गाळ्यावर लावावी लागे. गिऱ्हाईकांवरही जबाबदारी आहे. आपला ट्रे आणि खरकटी भांडी स्वतः उचलून ठेवणे हे १ सप्टेंबर २०२१ पासून सक्तीने अमलात आले. पहिल्या वेळी ताकीद मिळते आणि पुन्हा चूक केली तर दंड होतो. काही गोष्टी मात्र लिहिलेल्या नियमांशिवायच चालतात. रांगेत उभे राहण्यापूर्वी लोक टेबलावर कागदी रुमालाचे एक पाकीट ठेवतात. ते पाकीट दिसले, की ही जागा कोणीतरी धरली आहे असे इतरांनी समजावे आणि इतर तसे समजतातही!

साध्या गाळ्यावरचा आचारी मोठ्या हॉटेलातील आचाऱ्यापेक्षा कमी नसतो. अनेक गाळेवाले आयुष्यभर एक-दोनच पदार्थ करतात आणि त्यांत हातखंडा मिळवतात. हॉटेलांना तारे देणाऱ्या 'मिशेलिन' या प्रसिद्ध मार्गदर्शिकेची सिंगापूर आवृत्ती २०१६ मध्ये प्रथम निघाली. तिने दोन साध्या हॉकर गाळ्यांना प्रत्येकी एक तारा दिला, तेव्हा सारे जग चकित झाले. १६ डिसेंबर २०२० रोजी युनेस्कोने सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. राजवाडे आणि किल्ले हा वारसा असतोच, परंतु घाम गाळून शिजवलेला भातही वारसा असतो, हे त्या दिवशी मान्य झाले.

तरी आज या केंद्रांपुढे एक काळजी उभी आहे. गाळेवाल्यांचे वय साधारणपणे साठीच्या घरात गेले आहे. पहाटे उठून बाजार करायचा, रश्शाचे पातेले चढवायचे, दिवसभर आगीजवळ उभे राहायचे आणि रात्री सर्व घासूनपुसून घरी जायचे, हे काम कष्टाचे आहे. जेवण स्वस्त असावे असे सर्वांना वाटते. पण तांदूळ, तेल आणि भाडे महाग झाले, की त्या स्वस्ताईचा भार गाळेवाल्याच्याच खांद्यावर पडतो. शिकलेल्या मुलांना वातानुकूलित कचेरीतली नोकरी बरी वाटते. ती वाटणारच! त्यांच्या आईवडिलांनी त्याच इच्छेने तर शेगडीपुढे उभे राहून त्यांना शिकवले. हे ओळखून २०२० पासून तेथे नव्या उमेदवारांना जुन्या, अनुभवी गाळेवाल्यांच्या हाताखाली शिकण्याची सोय करण्यात आली आहे. काही तरुण आजोबांचा गाळा हौसेने चालवू लागले आहेत. परंतु जुने हात थकण्यापूर्वी पुरेसे नवे हात तयार होतील का, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

सिंगापूरच्या या केंद्रांपासून आपण काय शिकावे? गरिबाचा धंदा हटवण्याऐवजी त्याला जागा, पाणी आणि परवाना देता येतो. आपली चव न सोडता दुसऱ्याची चव ओळखता येते. आणि आपला धर्मनियम पाळत असतानाच दुसऱ्याच्या धर्मनियमाची राखणही करता येते. एका छपराखाली राहण्यासाठी सर्वांची ताटे सारखी असावी लागत नाहीत. आपले ताट उचलताना शेजाऱ्याच्या ताटाला धक्का लागू नये, एवढी काळजी घ्यावी लागते.

शब्दार्थ

द्वीपकल्प – तीन बाजूंनी पाणी असलेला भूभाग
खवय्या – आवडीने व चवीने खाणारा
दर्यावर्दी – समुद्रावर प्रवास करणारा, खलाशी
कावड – खांद्यावरील काठीच्या दोन्ही टोकांना ओझे बांधण्याचे साधन
खरकटे – जेवणानंतर उरलेले उष्टे अन्न
पटकी – कॉलरा, हैजा
परवाना – कामासाठी मिळालेली लेखी परवानगी
गाळा – बाजारातील छोटी दुकानाची जागा
श्रेणी – दर्जा
वारसा – पूर्वजांकडून मिळालेले धन, विरासत
अमूर्त – ज्याला आकार नाही असे

वाक्प्रचार

पोटावर पाय येणे – रोजगार बुडणे
नाक मुरडणे – नापसंती दाखवणे
हातखंडा मिळवणे – एखाद्या कामात तरबेज होणे

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'टेक्का' या नावाचा अर्थ काय?
(आ) नूडल्स विकणारा फेरीवाला गिऱ्हाइकांना कसा बोलावत असे?
(इ) 'मुईस' ही संस्था १९७८ पासून कोणते काम करते?
(ई) टेबलावर ठेवलेले कागदी रुमालाचे पाकीट काय दर्शवते?

प्र. २. प्रत्येकी तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सिंगापुरात आलेल्या मजुरांना फेरीवाल्यांची गरज का भासली?
(आ) 'मी गोरेंग' या पदार्थात कोणकोणत्या समाजांचा वाटा आहे?
(इ) हॉकर सेंटरपुढे आज कोणती काळजी उभी आहे?

प्र. ३. कारणे द्या.
(अ) सरकारने फेरीवाल्यांसाठी केंद्रे बांधली.
(आ) हॉकर सेंटरमध्ये ट्रे ठेवण्यासाठी दोन वेगळ्या मांडण्या असतात.

प्र. ४. "त्याला हलाल पाळायचे नसते, पण शेजाऱ्याचे हलाल राखायचे असते." या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

प्र. ५. (अ) वाक्यांत उपयोग करा : पोटावर पाय येणे, नाक मुरडणे, हातखंडा मिळवणे.
(आ) विरुद्धार्थी शब्द लिहा : स्वस्त, परका, स्वच्छता, एकत्र.
(इ) पुढील मराठी शब्दांसाठी उर्दूत कोणते शब्द वापरतात ते लिहा : सरबत, लोणचे, चहा, शेजारी, वारसा.

उपक्रम : तुमच्या गावातील किंवा मोहल्ल्यातील खाद्यपदार्थ विकणाऱ्या एका फेरीवाल्याशी बोला. तो कोठून आला, पदार्थ करण्यास कोणाकडून शिकला आणि त्याला कोणत्या अडचणी येतात, याविषयी दहा ओळी लिहा.